डोंगरावर बिनभाड्याचा मुक्काम

सुट्टीचे दिवस जवळ आले की जुन्या हुबळीतील आमच्या घरोघरी एक विषय निघू लागतो, आणि यंदा तो काहीसा जोरानेच निघाला आहे. वयात आलेली मुले म्हणतात, आम्हांस डोंगरावर जाऊन राहावयाचे आहे. खोली नको, धर्मशाळा नको, भाडे नको. उघड्या माळावर राहुटी ठोकू, तीन दगडांची चूल मांडू, ओढ्याचे पाणी पिऊ आणि तारे पाहत झोपू. आई म्हणते, घरदार असताना माणसाने उघड्यावर कशास पडावयाचे? बाप म्हणतो, पैसे लागत नाहीत ना, मग जाईना का! आणि दोघेही शेवटी आमच्याकडे पाहतात. तेव्हा आज या सदरात याच गोष्टीचा विचार करू.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. मुलांनी जावे. मात्र आईच्या हरकतीपेक्षा बापाची संमतीच आम्हांस अधिक काळजीची वाटते. ‘पैसे लागत नाहीत’ हे डोंगरावर जाण्याचे कारण होऊ शकत नाही. जेथे नळ नाही, संडास नाही, दिवा नाही, राखणदार नाही, अशा जागी राहणाऱ्याला या सर्व गोष्टी स्वतःच व्हावे लागते. ते ज्याला कळले नाही त्याच्या फुकट मुक्कामाची किंमत दुसरे कोणीतरी भरतो, आणि बहुधा तो त्या डोंगराच्या पायथ्याचा गरीब गावकरी असतो.

उघड्यावर राहणे ही आपणांस परक्या मुलखातून शिकावयाची विद्या नव्हे. हुबळीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. मार्गशीर्षातील पौर्णिमेस, जिला कानडीत होस्तिल हुण्णिमे म्हणतात, आणि पुढे माघातील पौर्णिमेस, म्हणजे भारत हुण्णिमेस, त्या डोंगरावर केवढा लोक लोटतो हे हुबळी-धारवाडच्या माणसाला सांगावयास नको. कोल्हापूर, सांगली, सोलापूर इकडूनही माणसे येतात. पूर्वी बैलगाड्यांनी येत, आता पुष्कळ लोक गाडी ठरवून येतात, पण बैलगाडी अजून अगदीच मोडली नाही. त्यांच्या भक्तीचा विषय त्यांचा. आम्ही येथे पाहतो ते त्यांचे बिऱ्हाड. गाडी सोडली की तिच्याच आडोशाला ताडपत्री ताणावयाची, वाऱ्याकडे पाठ करून चूल मांडावयाची, बैलांचा कडबा, माणसांचे पीठ, तवा, पाण्याची घागर, कंदील हे सारे घरूनच आणलेले. कानडी मुलखात जिला बुत्ती म्हणतात त्या शिदोरीत ज्वारीच्या कडक भाकऱ्या असतात. त्या कितीतरी दिवस टिकतात, वजनाला हलक्या असतात आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ल्या तर चुलीवाचूनही भागते. बाजारातील पुड्यांतले खाद्य पाठीवर घेऊन निघणाऱ्या मुलांनी आपल्या आजीला एकदा विचारून पाहावे. तिच्या उतरंडीत या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपासून पडून आहे.

त्याहूनही अधिक शिकण्यासारखा मनुष्य म्हणजे मेंढपाळ. सुगी झाली की आमच्या काळ्या रानातून कुरुबरांचे, धनगरांचे कळप फिरू लागतात. आज या शेतात, उद्या त्या शेतात. रात्री मेंढ्या वावरात बसवितात, त्यांच्या लेंड्यामुताचे खत जमिनीस मिळते, आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देतो. वर्षाचे कित्येक महिने हा मनुष्य आभाळाखाली निजतो, पण तो ज्या वावरात रात्र काढतो ते वावर सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिक कसदार झालेले असते. म्हणून त्याला कोणी भाडे मागत नाही. उलट बोलावणे पाठवितात. त्याच्या अंगावर जे घोंगडे असते ते दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे. ते टोचते खरे, पण लोकर ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते. कापसाची गोधडी एकदा दवात भिजली की अंगावर असूनही नसल्यासारखी होते, किंबहुना अधिकच गारठवते. दिव्याच्या झगमगाटात विकल्या जाणाऱ्या महागड्या पिशव्यांपुढे मुलांचे डोळे दिपतात हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या घरी एक बरे घोंगडे आहे त्याने पहिल्या मुक्कामासाठी कर्ज काढू नये.

आमच्या जुन्या हुबळीत सिद्धारूढांचा मठ आहे. सिद्धारूढ स्वामी १९२९ साली वारले, तरी तेथील दासोह, म्हणजे येईल त्याला जेवण, आजतागायत चालू आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत किती माणसे तेथे जेवतात आणि मिळेल त्या जागी अंग टाकतात! त्यांना काही द्यावे लागत नाही. पण त्या पंगतीतील तांदूळ कोणाच्या तरी शेतातून, कोणाच्या तरी खांद्यावरून आलेला असतो, लाकूड कोणीतरी फोडलेले असते आणि पत्रावळी कोणीतरी उचलतो. मठात हे देणारे हात डोळ्यांना दिसतात. डोंगरावर ते दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता जावयाचे कोठे? या प्रश्नावर मुलांची माहिती फार कच्ची आहे. गावातील नृपतुंग बेट्टावर संध्याकाळी फिरावयास जावे. ती रात्री राहण्याची जागा नव्हे. पश्चिमेकडे दांडेली, कॅसलरॉक या बाजूस पाहिले की कोणाच्याही मनात राहुटी उभी राहते. पण तो सगळा मुलूख आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. २००७ साली तो दांडेली-अणशी या नावाने जाहीर झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तेथे परवानगीवाचून रात्र काढणे हा गुन्हा आहे, आणि वाघ-अस्वलांच्या मुलखात तो शहाणपणाही नव्हे. दुसरी आवडती कल्पना म्हणजे कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागरला जावे व वाटेत कोठेतरी पडावे. आमच्या आधीच्या पिढीत हुबळीच्या कितीतरी रेल्वेवाल्यांच्या मुलांनी हे केले आहे आणि त्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. परंतु रुळांवर बेकायदा वावरणे १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरावयास जागा नसते, आणि धबधब्याचा परिसर गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यात येतो. २०२३ च्या जुलैत बंदी मोडून तेथे गेलेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्याचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. उठाबशांवर निभावले हे त्या मुलांचे नशीब. रुळांवरची बहादुरी कित्येकांना त्याहून महाग पडली आहे.

महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या किल्ल्यांवर बिनभाड्याने राहण्याची परंपरा मोठी आहे. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या कोरीव गुहांत डोंगर चढणाऱ्यांच्या किती पिढ्या निजल्या असतील! तेथील कोकणकड्यावरून कर्नल साइक्स याने संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले. त्याला मराठीत इंद्रवज्र असे सुरेख नाव आहे. पण तो गडही १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा वनखात्यास विचारल्याखेरीज तेथे पथारी पसरू नये. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील वास्तू तर नियमाने सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुल्या असतात. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यानंतर ही शिस्त अधिकच कडक होणार, आणि व्हावीही. भिंतींवर कोळशाने नावे लिहिणाऱ्या व टाक्यांत भांडी विसळणाऱ्या पाहुण्यांनी हे दिवस आपल्या हातांनीच आणले आहेत.

मग राहिले काय? पुष्कळ राहिले. खानापूर तालुक्यात, चंदगडच्या बाजूस, कलघटगीच्या पलीकडे, कोणाच्या तरी मालकीचा डोंगरउतार असतो, गावाचा माळ असतो. चंदगड तालुक्यातील पारगडाचेच पाहा. तो गड ओस नाही. शिवकालापासूनची घराणी आजही तेथे नांदत आहेत. अशा ठिकाणी ग्रामस्थांच्या घरासमोर जाऊन, पायांतले काढून, ‘काका, एक रात्र माळावर राहिलो तर चालेल का?’ असे विचारणारा मुलगा आम्हांस पाहावयाचा आहे. जमीनमालकाने अथवा पंचायतीने होय म्हटले तर मुक्काम बिनभाड्याचाही झाला आणि मानाचाही. पोहोचल्यावर विचारण्यापेक्षा आठ दिवस आधी एकाने जाऊन विचारावे व जागा पाहून यावे, म्हणजे नकार आला तर पूर्ण टोळी हिरमुसली होत नाही. दूध, कोंबडी, तांदूळ, सरपण जे काही लागेल ते त्या गावातच पैसे मोजून घ्यावे. शहरातून सगळे लादून नेऊन गावाला फक्त कचरा देऊन येणारा पाहुणा दुसऱ्या वर्षी कोणाला हवा असेल?

पाण्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्व भांडणे तेथूनच उद्भवतात. डोंगरावरचा झरा पावसाळ्यानंतर खळाळत असतो, मार्चमध्ये त्याची करंगळीएवढी धार राहते, आणि एप्रिलमध्ये बायका वाटीने घागर भरतात. वीस जणांची एक टोळी तेथे आंघोळ करून, साबण लावून, भांडी घासून निघून गेली तर त्या वाडीने दोन दिवस काय प्यावयाचे? म्हणून माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्या-रांधण्यापुरते घ्यावे, ते भांड्यात घेऊन दूर न्यावे, आणि धुणे-विसळणे झऱ्यापासून निदान शंभर पावलांवर करावे. स्वच्छ दिसणारे पाणीही उकळूनच प्यावे. खळखळून आधण आल्यावर एक मिनिट थांबले तरी आपल्याकडच्या उंचीवर पुरते. आता न बोलण्याची गोष्टही बोलून टाकतो. शौचास पाण्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, वीतभर खोल खड्डा करून बसावे आणि माती ओढून घ्यावी. एक लहान खुरपे सोबत असले की झाले. मांजर जे करते ते शिकलेल्या माणसाने करू नये हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

विस्तवाची हौस मुलांना फार. हौस समजते, पण फेब्रुवारीपासून पुढे डोंगरावरचे गवत कापरासारखे झालेले असते, आणि संध्याकाळच्या वाऱ्यात एक ठिणगी शेजाऱ्याचे काजू किंवा गुरांचा वर्षाचा चारा घेऊन जाते. त्या दिवसांत स्टोव्हवर भागवावे. हिवाळ्यात चूल पेटवलीच तर भोवतालचे गवत दोन हात उपटून, घरमालकाने दाखविलेल्या जागी, विकत घेतलेल्या सरपणावर पेटवावी, आणि निघताना राखेत हात घालता येईल इतकी ती विझवावी. कड्यात आग्या मोहोळ आहे का, हे गावकऱ्यांस आधी विचारावे; धुराने ती माशी उठते आणि मग पळावयासही जागा उरत नाही.

राहुटीची जागा निवडताना मुले दृश्य पाहतात. दृश्य सकाळी पाहता येते. रात्रीसाठी जागा पाहावी ती वेगळी. कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ असते, पण एप्रिल-मेचा वळीव दूर कोठेतरी पडून ते पात्र अर्ध्या तासात भरते. अगदी तळातील खळग्यात थंड हवा साचते. अगदी माथ्यावर वारा व वीज. एकट्या उंच झाडाखाली वादळात थांबणे तर कधीच नको. मधल्या टप्प्यावर, सपाट, किंचित उताराची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा चांगली. दर हजार मीटर चढलो की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हेही हिशेबात धरावे. पहाटे तीनच्या सुमारास हा हिशेब हाडांना कळतो.

साप म्हटले की सगळे नागाला भितात. जमिनीवर झोपणाऱ्याने मण्यारीला अधिक भ्यावे. ती रात्री हिंडते, झोपेत चावते आणि दंश इतका कमी दुखतो की माणूस कूस बदलून पुन्हा झोपी जातो. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडखळू लागतो. म्हणून राहुटीचे दार बंद हवे, अथवा मच्छरदाणी पथारीखाली चहूकडून खोवलेली हवी. दंशाचा नुसता संशय आला तरी कापणे, चोखणे, आवळून बांधणे काही करू नये. रोग्यास चालू न देता ज्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे तेथे न्यावे. तो दवाखाना कोणता, वाहन कोणाचे, आणि १०८ क्रमांकास फोन लागेल अशी जागा कोणती, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवावयाचे असते.

आणि आता ज्याची मुलांनी नावही ऐकलेले नाही असा शत्रू. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, मागोमाग माणसे तापाने पडू लागली. शोध घेता तो एक नवाच विषाणू निघाला आणि रोगाला त्या जंगलाचेच नाव मिळाले. मराठीत त्याला माकडताप म्हणतात. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळा येईतो, म्हणजे नेमक्या मुक्कामाच्या दिवसांत, त्याचा जोर असतो. एकेकाळी शिवमोग्ग्यापुरता वाटणारा हा ताप उत्तर कन्नडात आला, आणि २०१५-१६ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरीत व सिंधुदुर्गातील दोडामार्गातही त्याने माणसे नेली. त्यात बहुतेक लोक पाचोळा गोळा करणारे, काजूच्या बागेत राबणारे, जंगलात गुरे नेणारे होते. त्याच पाचोळ्यावर आपली मुले हौसेने पथारी घालतात! यावर खास असे औषध नाही. म्हणून पाचोळा व गुरांच्या वाटा टाळाव्यात, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, विजार मोज्यांत खोचावी, उघड्या जमिनीवर बसू नये, आणि घरी येताच गरम पाण्याने स्नान करून अंग तपासावे, कपडे उकळत्या पाण्यात टाकावे. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, पंचायतीस कळवावे आणि त्या जागी मुक्काम करू नये. परतल्यावर आठवड्याच्या आत अंग मोडून एकाएकी ताप भरला तर डॉक्टरांना ‘आम्ही डोंगरावर राहून आलो’ हे वाक्य पहिल्यांदा सांगावे.

इतके वाचून एखादी आई म्हणेल, मग पाठवाच कशाला? बाई, घोणस शेतातही असते आणि वीज अंगणातही पडते. जो मुलगा एक रात्र स्वतःचे पाणी स्वतः वाहून नेतो, तो घरी आल्यावर नळ उघडा टाकून जात नाही. आमच्या पाहण्यात असे झाले आहे. मोठमोठ्यांनाही या वाटेने जावेसे वाटले आहे. पुढे अकरावे पायस या नावाने पोप झालेले आकिले रात्ती हे तरुणपणी आल्प्स पर्वत चढणारे धर्मगुरू होते. १८८९ च्या जुलैत मोंटे रोझा हे शिखर एका अवघड बाजूने चढल्यावर त्यांना व त्यांच्या सोबत्यांना राहुटीवाचून, खडकाच्या एका अरुंद कंगोऱ्यावर, कडाक्याच्या थंडीत, झोप येऊ न देता रात्र काढावी लागली. १९२३ मध्ये त्यांनीच संत बर्नार्ड यांना डोंगर चढणाऱ्यांचे आश्रयदाते ठरविले. थंडी म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाने केलेली ती नेमणूक होती. आणि डोंगरावर तीन मंडप घालू असे म्हणणारा पेत्र तर आपणां सर्वांना माहीत आहे. पाणी कोठून आणावयाचे हे मात्र त्यानेही सांगितले नाही.

मुलींविषयीही आम्हांस विचारले आहे, जरा दबक्या आवाजात. मुलींनीही जावे. त्यांची आजी सौंदत्तीच्या वाटेवरचे बिऱ्हाड रोज पाहत होती, आणि त्या बिऱ्हाडाची चूल बायकाच सांभाळत. दोन वडीलधाऱ्या बाया बरोबर असाव्यात, राहुटी वेगळी असावी, शौचाची जागा आडोशाची व आधी ठरलेली असावी, आणि भांडी घासण्याची पाळी मुलांवरही यावी. एखाद्या टोळीत मुलींनी रांधावयाचे व मुलांनी तारे पाहावयाचे असा बेत असेल तर तो बेत आईबापांनी मोडून टाकावा.

पहिल्या वर्षी एकच रात्र, आणि तीही डिसेंबर-जानेवारीत, पौर्णिमेच्या आसपास. माणसे दहाच्या आत. त्याआधीच्या एखाद्या शनिवारी फादरांची परवानगी काढून चर्चच्या आवारातच राहुट्या ठोकाव्यात. नळाला कुलूप लावावे, दिवे मालवावेत, आणि रात्रीचे जेवण, पिण्याचे पाणी, सकाळची न्याहारी सारे बरोबर आणलेल्या सामानातच भागवावे. काय विसरले ते रात्री दहापर्यंत कळेल. रविवारी पहिल्या मिस्साला लोक येण्यापूर्वी आवार झाडून जसे होते तसे करून द्यावे. झाडू मुलांनी घरूनच आणावा.